रस्त्याआधीची गाडी : आटपाडीच्या माळावरून दिसणारा जीपचा इतिहास

१/ जाहिरातीतली गाडी ओढ्याचे पाणी उडवीत जाते, खडकावर चढते, वाळूत गिरकी घेते आणि शेवटी कड्याच्या टोकाशी मावळत्या सूर्याकडे तोंड करून थांबते. या साऱ्या दृश्याला 'ऑफ-रोड' म्हणतात. या शब्दात एक गृहीतक दडलेले आहे : रस्ता आहे, आणि तो सोडून जाण्याची मुभाही आहे. सांगली जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला असलेल्या आटपाडी तालुक्याचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास या गृहीतकाच्या नेमका उलट आहे.

२/ ऑफ-रोड वाहनांचा इतिहास बहुधा युद्ध, मोहीम आणि साहस या तीन शब्दांत सांगितला जातो. त्यात खोटे काही नाही. पण तो अर्धाच आहे. या वाहनांचा सर्वांत दीर्घ आणि सर्वांत खडतर वापर ज्यांनी केला, त्यांच्यापुढे सोडायला रस्ताच नव्हता. त्यांचा अनुभव या इतिहासाच्या तळटीपेत नव्हे, मुख्य मजकुरात यायला हवा. त्यासाठी आटपाडीचा माळ ही उभे राहून पाहण्याची चांगली जागा आहे.

३/ आटपाडी १९४८ पर्यंत औंध संस्थानात होती. हे संस्थान सलग नव्हते. औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरकडील गुणदाळ अशा विखुरलेल्या तुकड्यांचे ते बनले होते. विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला माणदेश, वर्षातला बराच काळ कोरडे राहणारे माणगंगेचे पात्र, मुरमाड माळ, मधेच आडव्या येणाऱ्या ओघळी. रेल्वे आजही आटपाडीपर्यंत आलेली नाही.

४/ अशा मुलखातले पहिले वाहन म्हणजे माणसाचे पाय. पण सगळ्यांचे पाय सारखे नव्हते. सरकारी कागद, निरोप आणि अधिकाऱ्याचे सामान एका गावाहून दुसऱ्या गावी पोचवण्याची सक्ती वतनी पद्धतीने महार समाजावर लादलेली होती. आटपाडीत १९२१ मध्ये जन्मलेले आणि पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झालेले शंकरराव खरात यांनी आपल्या आत्मकथनाला 'तराळ-अंतराळ' हे नाव दिले, त्यातला 'तराळ' हाच. ही वतने कायद्याने रद्द होण्यासाठी १९५८ साल उजाडावे लागले. वाटेवाचूनच्या मुलखात राज्यसंस्थेची ये-जा कोणाच्या तरी पायांवर चालते. ते पाय कोणाचे, हा वाहतुकीच्या इतिहासाचा पहिला प्रश्न आहे.

५/ याच तालुक्यातल्या माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' १९५५ मध्ये पुस्तकरूपाने आली. संस्थानी काळातला कोवळा शिक्षक माळ तुडवीत, पायी, धनगरांच्या वस्तीवर पोचतो, तिथून कादंबरी सुरू होते. हे चालणे लेखकाने सजावटीसाठी घातलेले नाही. शाळा, औषध, टपाल, न्याय यांपैकी जे काही वस्तीवर यायचे, ते चालण्याच्याच वेगाने यायचे. अंतर मैलांत मोजले जात नसे. उन्हे वर येण्याआधी निघून सावल्या लांबण्याआधी पोचता येते का, यावर ते ठरे.

६/ या मुलखाने घडवलेले खरे वाहन म्हणजे खिलार बैलाची गाडी. खिलार ही माणदेशाची जात. उंच, काटक, कमी चाऱ्यावर तग धरणारी आणि चालीला वेगवान. या जातीचे जे उपप्रकार अभ्यासकांनी नोंदवले आहेत, त्यांतल्या एकाचे नावच 'आटपाडी महाल' असे आहे. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत भरणारा जनावरांचा बाजार म्हणजे या मुलखाचा वाहनबाजारच होता. मोटारीच्या प्रकाराला गावाचे नाव मिळण्याचा मान जगात थोड्याच गावांना लाभला. बैलाच्या प्रकाराला नाव देण्याचा मान आटपाडीकडे आहे.

७/ बैलगाडी आणि मोटार यांतला तांत्रिक फरक समजून घेण्याजोगा आहे. मोटारीत चाक दोन कामे करते : भार वाहते आणि जमिनीला मागे रेटून गाडी पुढे नेते. चाक घसरले की दुसरे काम थांबते. बैलगाडीचे चाक केवळ भार वाहते. ओढण्याचे काम आठ खुरांकडे असते, आणि प्रत्येक खूर जमीन पाहून पडतो. चाकाचा घेर मोठा असल्यामुळे ते लहान खड्ड्यात रुतत नाही. आख, तुंबा, आरे आणि लोखंडी धाव एवढ्या भागांची दुरुस्ती गावचा सुतार आणि लोहार करू शकत असे.

८/ तरीही बैलगाडीचे गोडवे गाताना तिच्या मर्यादा विसरता येत नाहीत. अडलेली बाळंतीण किंवा सर्पदंश झालेला माणूस बैलाच्या चालीने तालुक्याला नेणे म्हणजे अनेकदा नेण्याचा केवळ समाधानापुरता प्रयत्न असे. दुसरी मर्यादा माणदेशात अधिक क्रूर ठरली. मोटारीला इंधन बाहेरून आणता येते. बैलाचे इंधन त्याच रानात उगवावे लागते. दुष्काळ पडला की ज्या वेळी गाव सोडून बाहेर जाण्याची सर्वाधिक गरज असे, नेमक्या त्याच वेळी गाडीचे बैल दावणीला खंगत असत.

९/ याच सुमारास इतरत्र यंत्राला वाट सोडून चालायला शिकवण्याचे प्रयोग चालू होते. चारही चाकांना शक्ती देणारी स्पायकर ही डच मोटार १९०३ मध्ये तयार झाली. आदोल्फ केग्रेस या फ्रेंच अभियंत्याने मागच्या चाकांच्या जागी लवचीक पट्टे बसवले, आणि तशाच सिट्रोएन गाड्यांनी १९२२-२३ च्या हिवाळ्यात सहारा वाळवंट पार केले. पण ही वाहने महागडी आणि मोजकी होती. कारखान्यातून हजारोंनी बाहेर पडणारे वाहन युद्धानेच घडवले.

१०/ जुलै १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने हलक्या, चारही चाके चालणाऱ्या टेहळणी गाडीसाठी १३५ कंपन्यांना विचारणा केली. मुदत इतकी कमी होती, की पेन्सिल्व्हेनियातील बँटम या छोट्या, अडचणीत आलेल्या कंपनीनेच नमुना वेळेत दिला. २३ सप्टेंबर १९४० रोजी तो सैन्याच्या ताब्यात पोचला. मोठ्या उत्पादनाची कामे मात्र विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड यांना मिळाली. युद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. पहिला नमुना देणाऱ्याचे नाव आज कितीजणांना ठाऊक आहे? विस्मरणाची परंपरा या वाहनाच्या जन्मापासूनच आहे.

११/ जीपचे यश कशात होते? साध्या मोटारीत इंजिनाची शक्ती दोन चाकांना मिळते, आणि वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देण्यासाठी मधे 'डिफरन्शिअल' असतो. एक चाक चिखलात गेले की ते जागीच गरगरते आणि पकड असलेल्या दुसऱ्या चाकाला पुरेसा जोर मिळत नाही. जीपमध्ये 'ट्रान्सफर केस' या जादा पेटीतून पुढच्या चाकांनाही शक्ती देता येते, आणि 'लो' गिअरमध्ये वेग कमी करून जोर वाढवता येतो. मजबूत चासी, जमिनीपासूनची उंची आणि पोलादी पाटे हे उरलेले रहस्य.

१२/ युद्ध संपताच या गाडीचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. विलिस कंपनीने १९४५ मध्ये नागरी जीप काढली, ती मुख्यतः शेतकऱ्यासमोर ठेवून : नांगर ओढणारी, इंजिनाच्या शक्तीवर शेतीची यंत्रे चालवणारी गाडी म्हणून. १९४८ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात आलेल्या ब्रिटिश लँड रोव्हरची कल्पनाही मॉरिस विल्क्स यांना आपल्या शेतावर जुनी जीप वापरतानाच सुचली. म्हणजे नागरी ऑफ-रोड वाहनाची पहिली जाहिरात साहसाची नव्हती. ती शेताच्या बांधावरची होती.

१३/ भारतातली कथा मुंबईत सुरू होते. १९४५ मध्ये जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्र हे बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही पोलाद व्यवसायातली कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. कंपनीचे नाव १९४८ मध्ये 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. विलिसशी करार करून सुटे भाग आणून जीप जोडण्याचे काम १९४९ च्या सुमारास माझगावला सुरू झाले.

१४/ या जीपा सामान्य शेतकऱ्याच्या दारात आल्या नाहीत. किंमत आणि परवान्यांची अर्थव्यवस्था या दोहोंमुळे त्या प्रामुख्याने सैन्य, पोलीस, महसूल, वन आणि बांधकाम खात्यांकडे गेल्या. अमेरिकेत जी गाडी शेतकऱ्याची म्हणून विकली गेली, ती माणदेशात सरकारची म्हणून प्रथम दिसली. लांबून धुळीचा लोट दिसला की तलाठ्याची धावपळ सुरू होई. पोरे लस टोचणाऱ्यांच्या भीतीने पळत. निवडणुकीत तीच जीप कर्णा बांधून येई. तराळाच्या पायांनी फिरणारे सरकार आता चाकांवर आले होते. गाव मात्र अजून पायीच होते.

१५/ मग १९७२ चा दुष्काळ आला. त्याआधीच सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमीचा प्रयोग झाला होता. दुष्काळाने ही कल्पना राज्यभर नेली. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. तलाव, बांध आणि रस्ते ही मुख्य कामे. माणदेशातही बाया-माणसांनी खडी फोडली, मुरूम टाकला. ज्यांना प्रवासासाठी रस्ता मिळाला नव्हता, त्यांना पोट भरण्यासाठी रस्ता बांधावा लागला.

१६/ या रस्त्यांपैकी अनेक रस्ते अर्धेच राहिले : खडी आहे, डांबर नाही; मुरूम आहे, मोरी नाही. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली धाव घेणारी एसटी तालुक्याच्या गावाला आली, मोठ्या गावांनाही आली; पण वाड्या-वस्त्यांवर दिवसातून एखादी फेरी, तीही पावसात बंद. पायवाट संपली होती आणि डांबरी सडक सुरू झाली नव्हती. या मधल्या पट्ट्याला ना रस्ता म्हणता येईल, ना माळ. पश्चिम महाराष्ट्रात जीपचे खरे राज्य याच अर्ध्या रस्त्यावर झाले.

१७/ १९८० नंतर दोन गोष्टी जुळून आल्या. जीपमध्ये किफायतशीर डिझेल इंजिन आले, आणि गाडी लांब होऊन मागे समोरासमोर बाकडी बसली. पुण्याच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स आणि महिंद्रची कमांडर या गाड्यांनी सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर पालथे घातले. या वाहतुकीला लोकांनी नाव दिले 'वडाप'. तिला वेळापत्रक नव्हते. गाडी भरली की सुटे. 'चला, एकच सीट' ही हाक ऐकून आत पाहावे, तर आणखी पाच माणसांची सोय व्हायची असे.

१८/ ऑफ-रोडच्या चाहत्यांनी इथे एक तपशील ध्यानात घ्यावा. वडापच्या बहुतेक गाड्यांना पुढच्या चाकांचा जोर नव्हताच. त्या मागच्या दोन चाकांवर चालत. कड्या-कपाऱ्यांच्या जाहिरातीत ज्या यंत्रणेशिवाय पान हलत नाही, तिच्याविना या गाड्या वर्षानुवर्षे ओढे उतरत आणि चढत राहिल्या. मदतीला होती जमिनीपासूनची उंची, टणक पाटे, मागच्या चाकांवरचे माणसांचे वजन आणि कुठली ओघळ कोणत्या अंगाने घ्यायची हे पाठ असलेला चालक. अडकलीच, तर सगळे उतरून ढकलत.

१९/ या गाड्यांनी काय वाहिले, याची यादी म्हणजे ग्रामीण समाजाचा आडवा छेद आहे. बाजाराला निघालेल्या बाया, त्यांच्या पाट्या आणि कोंबड्या. महाविद्यालयात जाणाऱ्या मुली. तालुक्याच्या कचेरीत दाखल्यासाठी निघालेले म्हातारे. दवाखान्यात न्यायची बाळंतीण. लग्नाचे वऱ्हाड आणि मौतीला निघालेले पाहुणे. एका बाकड्यावर गुडघ्याला गुडघा लावून बसताना गावकुसाच्या आतले आणि बाहेरचे हा भेद पाळणे कठीण होई. जात त्यामुळे संपली नाही. पण अंतर राखून बसण्याची जागाच या गाडीत नव्हती.

२०/ कायद्याच्या दृष्टीने ही वाहतूक बेकायदा होती. मोटार वाहन कायद्यानुसार थांब्या-थांब्यावर प्रवासी घेण्यासाठी टप्पा वाहतुकीचा परवाना लागतो आणि महाराष्ट्रात तो अधिकार मुख्यतः एसटीकडे होता. त्यामुळे वडापवर कारवाया होत, दंड होत आणि दुसऱ्या दिवशी गाड्या पुन्हा थांब्यावर उभ्या असत. सरकारी कागदांत या व्यवसायाची नोंद शोधू गेल्यास ती प्रामुख्याने गुन्हा म्हणून सापडते. सेवा म्हणून नोंदवण्याचा रकानाच नव्हता.

२१/ या चित्राची दुसरी बाजू झाकणे इतिहासाला शोभणारे नाही. दहा जणांच्या गाडीत वीसहून अधिक माणसे कोंबणे, मागच्या पायरीवर लोंबकळणे, टपावर बसणे यांतून अपघात झाले, जीव गेले. एसटीचा फायद्याचा प्रवासी वडापने पळवला आणि त्याचा फटका तोट्यातल्या फेऱ्यांना बसला, हा एसटी कर्मचाऱ्यांचा आक्षेपही रास्त आहे. वडापचा गौरव करावा असे म्हणणे नाही. तिची नोंद व्हावी, एवढेच म्हणणे आहे, दोषांसकट.

२२/ कायद्याची भाषा परिस्थितीने कशी बदलते, हे २०२१ मध्ये दिसले. एसटी कर्मचाऱ्यांचा संप लांबला तेव्हा नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने अधिसूचना काढून खासगी बस, शाळांच्या बस आणि मालवाहू वाहनांनाही तात्पुरती प्रवासी वाहतुकीची मुभा दिली. जे वर्षानुवर्षे गुन्हा होते, ते एका कागदाने सोय ठरले. प्रवाशाच्या बाजूने पाहिले तर ते आधीही सोयच होते. फरक इतकाच, की आता सरकारलाही तसे म्हणण्याची गरज पडली.

२३/ हे युग आता ओसरते आहे. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेने आणि पुढे राज्याच्या योजनांनी वाड्या-वस्त्यांपर्यंत डांबर नेले. घरोघरी मोटारसायकल आली. टेंभू योजनेचे पाणी आले, डाळिंबाच्या बागा वाढल्या आणि जीपच्या जागी माल वाहणारे पिकअप दिसू लागले. जुन्या कमांडर आणि ट्रॅक्स मुदत संपून भंगारात जात आहेत. अर्धा रस्ता पूर्ण झाला. त्याबरोबर त्या रस्त्याचे वाहनही संपले.

२४/ त्याच सुमारास त्या वाहनाचा दुसरा जन्म झाला. २०१० मध्ये वाळवंटाचे नाव धारण करून 'थार' आली, आणि २०२० मध्ये तिची नवी, आलिशान आवृत्ती. बैलाचेही असेच झाले. शेतातून आणि गाडीतून खिलार मागे सरला, पण शर्यतीच्या छकड्याला तो हवाच होता. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली, डिसेंबर २०२१ मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या, २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. सांगली जिल्ह्यात तर मोठ्या शर्यतीच्या विजेत्या बैलजोडीच्या मालकाला थार बक्षीस देण्यापर्यंत मजल गेली आहे.

२५/ खिलार बैल पळतो आणि जीपची नात जिंकतो. माणदेशाची दोन्ही वाहने त्या मैदानात एकत्र येतात, आणि दोन्ही आता हौसेची असतात. हौस वाईट नव्हे. तिच्यामुळेच खिलार आज टिकून आहे. धोका निराळा आहे. गरज संपली की वस्तू हौसेच्या हाती जाते, आणि मग तिचा इतिहासही हौसच लिहू लागते. पुढच्या पिढीला जीप म्हणजे शनिवार-रविवारचे साहस एवढेच ठाऊक राहील, आणि तीच गाडी कुणाच्या जन्माच्या रात्री ओघळीतून धावली होती, हे पुसले जाईल.

२६/ जतनाचे निकषही याच दिशेने झुकलेले आहेत. २०२१-२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका कारागिराने भंगारातून छोटी, किक मारून सुरू होणारी जीप बनवली. महिंद्र समूहाच्या प्रमुखांनी तिची दखल घेतली, बदल्यात नवी बोलेरो दिली आणि ती जीप कंपनीच्या संग्रहासाठी घेतली. हे कौतुक योग्यच होते. पण एकमेव वस्तू संग्रहात जाते आणि हजारोंनी वापरलेली वस्तू भंगारात जाते, हा नियम इतिहासाच्या अभ्यासकाने तरी निमूट मान्य करू नये. समाजाचे जीवन त्या हजारांमध्येच असते.

२७/ यासाठी मोठे अनुदान लागत नाही. वडाप चालवणारी पहिली पिढी आज साठीच्या आसपास आहे. कर्ज कसे मिळाले, कोणत्या वाटेने फेरी होई, भाडे कसे ठरे, रात्री-अपरात्री कोणाकडून पैसे घ्यायचे नाहीत हा अलिखित नियम काय होता, १९७२ ला कोणता रस्ता कोणाच्या हातांनी झाला. हे विचारून नोंदवण्याची वेळ आत्ताच आहे. घरातल्या अल्बममध्ये जीपसमोर काढलेले वऱ्हाडाचे छायाचित्र असेल, तर त्याच्या मागे गाव, साल आणि गाडी लिहून ठेवणे हेही इतिहासलेखनच आहे.

२८/ जीपच्या इतिहासात बँटमचा कारखाना असावा, सहारा असावा, माझगाव असावे. त्याच पानावर खरसुंडीचा बाजार, तराळाची पायपीट, ७२ ची खडी आणि दिघंची–आटपाडी वाटेवर भरल्यावाचून न सुटणारी ट्रॅक्सही असावी. रस्ता सोडून जाणाऱ्यांनी या वाहनाला कीर्ती दिली. त्याला काम दिले, ते रस्त्याची वाट पाहणाऱ्यांनी.